बाळ दूध टाकते म्हणून आईचे दूध तोडू नका

ज्या घरी बाळंतीण असते त्या घरी गेले की एक तक्रार हमखास कानी येते. ‘पाजलं की टाकतंय.’ कुणी म्हणते गुळणी काढतो, कुणी म्हणते दही ओकते. शब्द वेगळे, पण काळजी एकच. पोटात काही टिकतच नाही, मग लेकरू अंग कसे धरणार?

काळजी वाटणे साहजिक आहे. वाईट घडते ते पुढे. पहिल्या दिवशी शेजारीण सांगते, ‘तुझं दूध जड आहे.’ दुसऱ्या दिवशी बाळंतिणीच्या ताटातली डाळ, अंडे, मासे बंद होतात. चौथ्या दिवशी कुणीतरी घुटी आणून देते. आठवडा उलटायच्या आत घरात पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली येते. ज्या बाळाला काहीही झालेले नव्हते ते बाळ आता खरोखर आजारी पडायला मोकळे होते. म्हणून या आठवड्यात याच विषयावर चार गोष्टी सांगायच्या ठरवल्या आहेत.

आम्ही डॉक्टर नाही. दिवसभर कचेरीत आकडेमोड करायची आणि संध्याकाळी वस्तीत फिरायचे, हा आमचा दिनक्रम. पण येथे जे लिहीत आहोत ते जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून, पडताळून घेतलेले आहे.

बाळ दूध का टाकते, हे आधी समजून घेऊ. आपल्या घशापासून पोटापर्यंत अन्ननलिका जाते. ती जिथे पोटाला मिळते तिथे स्नायूची एक गाठ असते. अन्न खाली गेले की ही गाठ आवळते आणि खालचे वर येऊ देत नाही. तान्ह्या बाळात ही गाठ अजून कच्ची, सैल असते. त्यात बाळाची अन्ननलिका आखूड, पोट लहान, खाणे सगळे पातळ, आणि दिवसाचे बहुतेक तास आडवे पडलेले. पाण्याने भरलेली बाटली सैल बुचासह आडवी ठेवली तर थोडे पाणी बाहेर येणारच. बाळाचेही तेच होते. दुधाबरोबर हवा गिळली गेली असेल तर ती वर येताना थोडे दूध घेऊन येते. दूध पोटात थोडा वेळ राहून आले तर ते फाटलेले, दह्यासारखे दिसते. ते पचनाचेच काम आहे. ‘आईचं दूध नासलंय’ असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

असे किती बाळांचे होते? अमेरिकेत शिकागो शहराच्या परिसरात सुमारे साडेनऊशे निरोगी बाळांच्या आईबापांना विचारून एक पाहणी झाली आणि ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या तीन महिन्यांतली निम्मी बाळे दिवसातून निदान एकदा तरी दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण शंभरात सदुसष्टपर्यंत चढले. सातव्या महिन्यात ते शंभरात एकवीसवर उतरले, आणि दहाव्या ते बाराव्या महिन्यात शंभरात पाचच बाळे उरली. म्हणजे बाळ बसू लागले, वरचे घट्ट अन्न खाऊ लागले, स्नायूची गाठ पक्की झाली, की तक्रार आपोआप मिटते. मात्र चौथ्या महिन्यापर्यंत टाकणे थोडे वाढूही शकते. हे आधीच ठाऊक असले तर घाबरगुंडी उडत नाही.

आता प्रश्न असा, की आपले बाळ निरोगी आहे हे घरच्या घरी ओळखायचे कसे? आम्ही कारकून माणसे, आम्हाला जमाखर्च कळतो. बाळाचाही जमाखर्च मांडता येतो. गुळणी ही खर्चाची बाजू. ती डोळ्यांना दिसते, म्हणून फार मोठी वाटते. एकदा चहाचा एक चमचा दूध कोरड्या दुपट्यावर ओतून पाहा. केवढा डाग पडतो! बाळाच्या अंगड्यावर तेवढा डाग दिसला की ‘सगळं टाकलं’ असे वाटते, पण जाते ते चमचा-दोन चमचे.

जमेची बाजू तीन ठिकाणी पाहावी. पहिली, लंगोट. पाचव्या दिवसानंतर फक्त अंगावर पिणारे बाळ दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, आणि लघवी फिकी असेल, तर दूध पोटात पुरेसे जाते आहे. दुसरी, वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, ते दहा ते चौदा दिवसांत भरून येते. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढ व्हावी. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात एकाच काट्यावर, कपडे काढून वजन करावे आणि कार्डावर लिहून घ्यावे. तिसरी, बाळाची तऱ्हा. जागे असताना टकमक पाहते, ओढून पिते, पिऊन झाले की शांत झोपते, टाकल्यानंतरही रडत नाही. या तिन्ही बाजू जमेच्या असतील तर ताळेबंद चोख आहे. मग टाकणे हा दुखण्याचा प्रश्न उरत नाही, कपडे धुण्याचा उरतो.

तरी टाकणे कमी करता येते का? बरेच कमी करता येते, आणि त्याला पैसा लागत नाही.

बाळ भुकेने किंचाळू लागेपर्यंत थांबू नये. रडणारे बाळ हवा गिळते. ते तोंड चोखू लागले, मान वळवू लागले की लगेच अंगावर घ्यावे. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणे हे तान्ह्या बाळाला लागतेच. अंगावर घेताना बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत असावी, त्याचे पोट आईच्या पोटाकडे वळलेले असावे. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि नुसते बोंड नव्हे तर भोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात. अशी पकड बसली की हवा कमी जाते आणि आईला दुखतही नाही. चुटूचुटू आवाज येत असेल, किंवा आईला टोचल्यासारखे होत असेल, तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे.

काही मातांना पान्हा इतक्या जोराने फुटतो की बाळ ठसकते, गटागटा गिळते आणि मग टाकते. अशा मातेने मागे रेलून बसावे आणि बाळाला आपल्या छातीवर घेऊन पाजावे, म्हणजे दुधाचा वेग कमी होतो. पहिली जोराची धार कपड्यात जाऊ द्यावी आणि मग बाळाला लावावे. एक बाजू पुरती पिऊन झाल्यावरच दुसरी द्यावी. बाळाने तोंड फिरवले की पोट भरले असे समजावे. ‘अजून एक घोट’ असा आग्रह नको. पंगतीतला आग्रह बाळाला लागू नाही.

पिऊन झाले की बाळाला २० ते ३० मिनिटे उभे धरावे. छातीशी, खांद्यावर, मानेला आधार देऊन. हा सर्वात साधा आणि सर्वात उपयोगी उपाय. ढेकर आली तर उत्तम. नाही आली तर पाठीवर धपाधप थापा मारीत बसू नये. चंदीगडच्या मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेत ७१ माता-बालकांच्या जोड्यांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. मुद्दाम ढेकर काढलेल्या बाळांचे पोटदुखीने रडणे काही कमी झाले नाही, उलट दूध टाकणे वाढले असे त्यात दिसले. तेव्हा हलका हात फिरवणे पुरे. उभे धरण्यात खरा फायदा आहे, थापांत नाही.

आपल्याकडे बाळाला तेल लावून, चोळून, न्हाऊ घालून, दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची रीत आहे. ते करावे, पण पाजल्यावर लगेच नको. आधी अंघोळ, मग दूध. भरल्या पोटी मालिश केली, पाय पोटावर दाबले, किंवा पोटावर घट्ट बांधले, तर दूध वर येणार नाही तर काय? लंगोटही पोटाशी सैल असावा. पाजल्यावर पाळण्याला मोठे झोके देणे आणि पाहुण्यांनी बाळ हवेत उडवणे, हेही बंद ठेवावे.

झोपवताना मात्र बाळाला पाठीवरच झोपवावे, दूध टाकणारे बाळ असले तरीही. पुष्कळ आजींना वाटते, की उताणे झोपवले तर टाकलेले दूध घशात अडकेल. त्यांची भीती मायेपोटी असते, पण शरीराची रचना वेगळे सांगते. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध खालच्या नळीतच राहते, श्वासाच्या नळीत जायला त्याला चढावे लागते. पालथे झोपवले की हे उलटे होते. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. उशी, मऊ गादी, जाड गोधडीचा ढीग बाळाच्या तोंडाजवळ नको.

आता काय करू नये, ते पाहू. खरे नुकसान येथेच होते.

आईचे दूध बंद करू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि आपले सरकार दोघेही सांगतात, की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नाही. आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही. आणि दूध तयार होण्याचा नियम असा, की बाळ जितके ओढील तितके येईल. दोन वेळा बाटली दिली की दोन वेळा ओढणे कमी, आणि तितका पान्हा कमी.

आमच्या माहितीतल्या एका घरात असेच घडले. पोरगी पहिलटकरीण, बाळ सव्वा महिन्याचे आणि अंगाने गुटगुटीत. दिवसातून पाच-सहा वेळा दूध टाकी, इतकेच. घरात ठरले की आईचे दूध बाधते. डबा आला. घर रोजंदारीवर चालणारे, डबा आठवडाभरही पुरेना. मग पावडर पुरवून वापरणे सुरू झाले. दोन चमच्यांच्या जागी एक, वर पाणी जास्त. बाळाचे टाकणे थांबले नाहीच, वर जुलाब लागले आणि बाळाला दवाखान्यात ठेवावे लागले. डबा परवडेना म्हणून आणखी कर्ज, आणि इकडे आईचा पान्हा आटलेला. आशाताईंनी चिकाटी धरली. दिवसातून आठ-दहा वेळा बाळ अंगाला लावायला लावले, सासूबाईंना शेजारी बसवून समजावले. तीन आठवड्यांनी पान्हा परत आला. बाळ वाचले. पण या सगळ्याची गरज होती का? आणि त्या पोरीने इतके दिवस ‘तुझं दूधच वाईट’ हे शब्द ऐकून घेतले, त्याची भरपाई कोण करणार?

डबाबंद दुधाच्या बाबतीत आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या अशा दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुना देता येत नाही. आईचे दूध सर्वोत्तम, हे डब्यावर छापावेच लागते. काही प्रसंगी, आईला किंवा बाळाला तसाच आजार असेल तर, डॉक्टर वरचे दूध सांगतात. ते जरूर ऐकावे. पण शेजारणीच्या सांगण्यावरून किंवा दुकानदाराच्या शिफारशीवरून डबा घरात आणू नये.

घुटी, ग्राइप वॉटर, साखरेचे पाणी, मध यांपैकी काहीही नको. मधातून एक वर्षाखालच्या बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते. उलटी थांबवणारे थेंब शेजारच्या बाळाला दिले म्हणून आपल्याला नको, डॉक्टरांनी बाळ तपासून सांगितले तरच. दूध घट्ट करण्यासाठी तांदळाची पेज वा बिस्किटाची पूड घालणेही नको.

आणि बाळंतिणीचे ताट कमी करू नये. आईने डाळ खाल्ली, अंडे खाल्ले, मासे खाल्ले म्हणून बाळ दूध टाकत नाही. पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा जास्त खायला लागते. क्वचित एखाद्या बाळाला आईच्या आहारातल्या गाईम्हशीच्या दुधाचे वावडे असते. तेव्हा शौचातून रक्त पडते, अंगावर चट्टे येतात, वजन वाढत नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. घरच्या घरी बाईला उपाशी ठेवण्याला तो आधार होऊ शकत नाही.

एवढे सगळे वाचून कुणी असे समजू नये, की बाळ टाकते तर टाकू द्यावे आणि बसून राहावे. काही खुणा अशा आहेत की त्या दिसताच घरात चर्चा करीत वेळ घालवायचा नाही. हा भाग कापून भिंतीला लावला तरी चालेल.

उलटी हिरवी झाली, तर त्याच क्षणी निघावे. आतड्याला पीळ पडल्याची ती खूण असू शकते आणि त्यात तास मोजायचे असतात. पहिल्या दिवसांतले चिकाचे दूध पिवळसर असते, ते तसेच बाहेर आले तर भीती नाही, पण हिरवा रंग म्हणजे धोका.

दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाचे दूध प्रत्येक पाजण्यानंतर पिचकारीसारखे दूर उडत असेल, आणि टाकल्यावर लगेच ते पुन्हा भुकेने रडत असेल, वजन उतरत असेल, तर पोटाचे खालचे तोंड जाड होऊन बंद होत असण्याची शक्यता असते. मुलींपेक्षा मुलांत हे बरेच जास्त आढळते. लहानशा शस्त्रक्रियेने बाळ पूर्ण बरे होते, पण वेळेवर गेले तर.

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या रंगाचे काही दिसले तरी दाखवावे. आईच्या बोंडाला चीर असेल तर ते रक्त आईचेही असू शकते, पण ते ठरवणे आपले काम नव्हे. याशिवाय, ताप येणे किंवा अंग गार पडणे, बाळ पिणे सोडून देणे, मलूल होणे, पोट फुगून टणक होणे, टाळू फुगणे किंवा खोल जाणे, सहा-आठ तास लघवी न होणे, शौचातून रक्त, धाप लागणे, जन्मानंतर २४ तासांत शौचाला न होणे, यांपैकी एकही खूण दिसली तर थांबू नये. टाकणे सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झाले, तरीही दाखवावे.

पैसे नाहीत म्हणूनही थांबू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे २०११ पासून, आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात तपासणी, औषध, उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. ही सोय पुढे एक वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली गेली. गाडीसाठी १०२ आणि १०८ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत. हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरोघर जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या गडचिरोलीत घालून दिली, त्याचे निष्कर्ष १९९९ साली जगापुढे आले आणि २०११ पासून देशभर ती सुरू झाली. आशाताई आल्या की त्यांना दारातून चहा देऊन परत पाठवू नका. त्यांच्यासमोर बाळ अंगावर घ्या, पकड नीट आहे का विचारा, वजन करून घ्या.

शेवटी घरातल्या पुरुषांना दोन शब्द. दूध पाजणे आईचे, पण पाजून झाल्यावर बाळाला अर्धा तास उभे धरायला आईच कशाला हवी? रात्री दोन वाजता बाळंतिणीचे डोळे मिटत असतात. बापाने उठावे, खांद्यावर दुपटे टाकावे, बाळाला उभे धरून घरातल्या घरात फिरावे. सकाळी भिजलेली दुपटी धुवून टाकावीत. सासूबाईंनी सुनेला ‘तुझ्या दुधात दोष’ असे म्हणण्याऐवजी ‘तू पाज, बाकीचं मी बघते’ असे म्हणावे. एवढ्या शब्दांनीही पान्ह्याला जोर येतो.

ज्यांच्या घरी सध्या पाळणा हलतो आहे त्यांनी लंगोट मोजावेत, आठवड्याला वजन पाहावे आणि वरच्या खुणा लक्षात ठेवाव्यात. हिशेब बरोबर असेल तर अंगडी भिजू द्यावीत. ती उन्हात वाळतात.